आधी टेबल, मग सिंक

डेटाचं काम करणाऱ्यांच्या वर्तुळात एक सल्ला आता इतका रुळला आहे, की नव्याने कामाला लागलेली मुलं तो नियम म्हणूनच शिकतात. दुसऱ्या प्रणालीतला डेटा आपल्या डेटाबेसमध्ये रोज उतरवायचा, म्हणजे सिंक करायचा आहे ना, मग टेबलाचा फार विचार करत बसू नका. सगळे कॉलम टेक्स्ट ठेवा. प्रायमरी की लावू नका, लोड अडतो. नॉट नल, चेक वगैरे बंधनं तर मुळीच नकोत. त्याहून सोपं म्हणजे सिंकच्या टूललाच टेबल बनवू द्या. एकदा ॲडमिनची परवानगी दिली की काम संपलं. साफसफाई काय, ती पुढे क्वेरीत करता येते.

हा सल्ला आळशीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. तो देणारी माणसं बहुधा अनुभवी असतात. रात्री तीनला बंद पडलेला सिंक त्यांनी झोपेतून उठून सुरू केलेला असतो, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे एखादी खरी अडचण असते. म्हणून उत्तर मुद्द्यागणिक द्यायला हवं. माझं म्हणणं असं: डेटा जिथून येतो ती प्रणाली दुसऱ्याची असते, मधलं टूल तिसऱ्याचं असतं, नेटवर्क कुणाचंच नसतं. या सगळ्या साखळीत चुकीच्या नोंदीला ‘नाही’ म्हणायचा पूर्ण अधिकार आपल्याला एकाच ठिकाणी असतो, आणि ते ठिकाण म्हणजे डेटा जिथे उतरतो ते टेबल. ते कसं असावं हे सिंक सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक साधी व्यवस्था समोर धरू. एका कंपनीची विक्री ऑनलाइन होते. ऑर्डर दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदल्या जातात, पैसे पेमेंट गेटवेतून येतात, आणि हिशेब विभागाला दोन्ही गोष्टी पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या टेबलात रोज सकाळी हव्या असतात. अशा व्यवस्था आज गल्लोगल्ली आहेत. आता विरोधकांचे युक्तिवाद एकेक करून घेऊ.

पहिला युक्तिवाद: मूळ प्रणालीने डेटा तपासलेलाच असतो, तो पुन्हा कशाला तपासायचा?

मूळ प्रणाली एक ऑर्डर एकदाच नोंदवते, हे खरं. पण ती आपल्याकडे एकदाच पोचेल असं कोण म्हणालं? टूल पाचशे नोंदी पाठवतं, डेटाबेस त्या लिहून घेतो, आणि ‘मिळाल्या’ हा निरोप परत जात असताना नेटवर्क तुटतं. टूलच्या लेखी नोंदी पोचलेल्याच नाहीत. आता त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: पुन्हा पाठवणं किंवा सोडून देणं. सोडल्या तर नोंदी कायमच्या हरवण्याचा धोका, म्हणून बहुतेक टूल त्या पुन्हा पाठवतात. प्रत्येक नोंद निदान एकदा तरी पोचेल, इतकीच त्यांची हमी असते. तीच ऑर्डर दोनदा येणं याला बिघाड म्हणता येत नाही. ते त्या यंत्रणेचं ठरलेलं वागणं आहे. ही दुसरी प्रत मूळ प्रणालीत कधी नव्हतीच. ती वाटेत जन्मली. मग मूळ प्रणालीतली तपासणी तिला पकडणार कशी?

तिला पकडता येतं ते उतरण्याच्या जागीच. पोस्टग्रेसच्या 9.5 या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी 2016 मध्ये, ‘इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट’ ही सोय आली: नोंद नसेल तर घाल, असेल तर बदल. मायएसक्यूएलमध्ये ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ त्याआधीपासून होतंच. अशा लिखाणाची गंमत अशी, की तोच गठ्ठा दहा वेळा आला तरी टेबलाची स्थिती एकदा आल्यासारखीच राहते. पण त्यासाठी टेबलाला ओळख हवी. ज्या कॉलमवर टक्कर तपासायची, त्यावर युनिक इंडेक्स नसेल तर पोस्टग्रेस हा आदेश चालवायलाच नकार देतं. म्हणजे ‘की लावू नका’ हा सल्ला पाळणाऱ्याने पुन्हा पाठवण्यापासूनचं एकमेव धड संरक्षण आपल्या हाताने काढून टाकलेलं असतं. 2022 मध्ये पोस्टग्रेस 15 मध्ये आलेला ‘मर्ज’ आदेश युनिक इंडेक्सविना चालतो, पण दोन सिंक एकाच वेळी धावले तर दोघांनाही ‘नोंद नाही’ असंच दिसू शकतं आणि दोघंही ती घालू शकतात. तिथेही शेवटचा पहारा इंडेक्सचाच.

की लावली म्हणजे झालं, असंही नाही. पोस्टग्रेसमध्ये युनिक बंधन दोन नल एकसारखे मानत नाही, त्यामुळे ऑर्डर क्रमांक रिकामा असलेल्या हजार ओळी युनिक कॉलममध्ये निवांत बसतात. 15व्या आवृत्तीपासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ लिहून हे बदलता येतं, पण ओळखीच्या कॉलमला नॉट नल लावणं हाच सरळ उपाय. प्रायमरी की या दोन्ही गोष्टी एकदम करते. ती लावायला एक ओळ लागते. न लावण्याचं समर्थन करायला मात्र लोक पानंच्या पानं लिहितात.

ओळख कशाची धरायची, हाही टेबल बनवतानाच सोडवायचा प्रश्न आहे. दोन दुकानांचा डेटा एका टेबलात येणार असेल, तर दोन्हीकडे 1001 क्रमांकाची ऑर्डर असणारच. तिथे स्रोत आणि त्या स्रोतातला क्रमांक अशी जोड-की लागते. नावावर तर कधीच विसंबू नये. ‘कऱ्हाड’ हे गावाचं नाव टंकताना कुणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, तर कुणी साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी गावं असतात. युनिकोडचं प्रमाणित रूप करून घेतलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. म्हणून ओळख मूळ प्रणालीने दिलेल्या क्रमांकाची धरावी आणि नाव हे नुसतं नाव म्हणून राहू द्यावं.

दुसरा युक्तिवाद: स्वीकारताना उदार असावं. सगळं टेक्स्टमध्ये घ्या, अर्थ नंतर लावा.

या विचाराला मोठं कुळ आहे. 1980 साली टीसीपीच्या तपशिलात जॉन पोस्टेल यांनी तत्त्व मांडलं, की पाठवताना काटेकोर असावं आणि घेताना उदार. इंटरनेट त्या उदारपणामुळे वाढलं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्याच इंटरनेटच्या आर्किटेक्चर मंडळाने 2023 मध्ये आरएफसी 9413 हा दस्तऐवज काढून या तत्त्वाचा हिशेब मांडला. चूक स्वीकारली जाते म्हणून ती टिकते, टिकते म्हणून दुसरे तिच्यावर विसंबतात, आणि मग ती दुरुस्त करणंच महाग होऊन बसतं, असा त्याचा रोख आहे. टेक्स्टचे कॉलम वर्षभर वापरलेल्या कोणत्याही कार्यालयात हेच दिसेल.

रकमेचा कॉलम टेक्स्ट ठेवला की त्यात ‘1250’ येतं, ‘1,250.00’ येतं, रुपयाच्या चिन्हासकट येतं, मराठी फॉर्ममधून ‘१२५०’ येतं, आणि कधी रक्कम नाही म्हणून नुसती आडवी रेघही येते. टेबल सगळ्यांना सारखंच आत घेतं. क्रम लावला तर ‘9’ हे ‘10000’च्या वर चढतं. बेरीज करायची तर प्रत्येक क्वेरीत आकड्यात रूपांतर करावं लागतं, आणि देवनागरी अंक किंवा ती आडवी रेघ समोर आली की पोस्टग्रेस चूक दाखवून थांबतं. न्यूमेरिक प्रकारचा कॉलम असता तर हीच ओळ लोडच्या वेळी अडली असती: कोणती ओळ, कुठून आली, कधी आली, हे सगळं ताजं असताना. टेक्स्टमुळे चूक कमी झाली नाही. ती लोडच्या रात्रीवरून महिनाअखेरीच्या सकाळवर ढकलली गेली आणि डेटा अभियंत्याकडून हिशेबनिसाच्या टेबलावर आली.

वेळेचं तर याहून अवघड. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे आणि बहुतेक प्रणाली वेळ यूटीसीत पाठवतात. 1 एप्रिलच्या पहाटे दोन वाजता आलेली ऑर्डर यूटीसीत 31 मार्चची रात्री साडेआठची असते. कॉलम टेक्स्ट असेल किंवा कालक्षेत्राविना असेल, आणि कुणी त्याची पहिली दहा अक्षरं तारीख म्हणून घेतली, तर ती विक्री गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ हा प्रकार निवडला, तर तो क्षण नेमका राहतो आणि भारतीय तारीख मागितली की भारतीय तारीख मिळते. हा निर्णय कॉलम घडवताना एका शब्दात होतो. नंतर तो पन्नास क्वेरींत विखुरतो, आणि पन्नासांतल्या तीन क्वेरींत कुणीतरी तो विसरतं.

बरं, टेक्स्ट म्हटलं की निदान मजकुराची चिंता मिटली, असं तरी आहे का? पोस्टग्रेस मजकुराची लांबी अक्षरचिन्हांत मोजतं. ॲमेझॉनचं रेडशिफ्ट हे डेटा वेअरहाऊस ती बाइटांत मोजतं, आणि तिथे कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ लिहिला तर तो मुकाट्याने 256 बाइटांचा होतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलंतासकट, यूटीएफ-8मध्ये तीन बाइट घेतं. ‘ज्ञानेश्वर’ या एका नावाला 30 बाइट लागतात. म्हणजे 256 बाइटांत जेमतेम 85 देवनागरी चिन्हं मावतात. इंग्रजी पत्त्यांवर चाचणी घेऊन ‘सगळं टेक्स्ट, काळजी नको’ म्हणणाऱ्याच्या टेबलात मराठी पत्ता मावत नाही, हे त्याला प्रत्यक्ष लोडच्या दिवशी कळतं.

गप्प राहणारी जागा किती महागात पडते, याचं ढळढळीत उदाहरण इंग्लंडमधलं आहे. 2020 मध्ये प्रयोगशाळांकडून येणारे कोविड चाचण्यांचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलींत उतरवले जात होते. त्या प्रकारच्या फाइलीत 65,536 ओळींच्या पुढे जागाच नसते. फाइल भरली, पुढच्या ओळी गळाल्या, कुणालाही सूचना मिळाली नाही. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. विरोधक म्हणतील, इथे तर उलट घडलं, जागेने डेटा नाकारला. तिने नाकारला असता तर बरं झालं असतं. नाकारणारी जागा आवाज करते, काम थांबवते, माणसाला बोलावते. या फाइलीने मान डोलावली आणि ओळी टाकून दिल्या. न बोलता फेकणं आणि न बोलता काहीही आत घेणं, या दोन्हींत एकच दोष आहे: पाठवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललं आहे.

तिसरा युक्तिवाद: टेबल टूलच बनवतं, आपण मध्ये कशाला पडायचं?

टूल टेबल बनवतं म्हणजे अंदाज बांधतं. काही स्रोत आपल्या कॉलमांचे प्रकार नीट सांगतात, तिथे अंदाज बरा ठरतो. पण सीएसव्ही फाइल असेल किंवा सैल जेसन असेल, तर टूल पहिल्या काही ओळी बघून ठरवतं. बँकेचा खाते क्रमांक त्याला आकडा वाटतो, आणि आकडा म्हटलं की सुरुवातीची शून्यं गेली. यंत्राचा अंदाज किती खोल घाव घालू शकतो, हे जनुकशास्त्राने भोगलं आहे. ‘मार्च1’, ‘सेप्ट1’ अशा नावाची जनुकं एक्सेलला तारखा वाटत. 2016 मध्ये झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका सापडल्या. शेवटी 2020 मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. टेबलाने कॉलमचा प्रकार सांगितला नाही, तर जगाला आपली नावं बदलावी लागतात.

क्रमांकाच्या कॉलमची लांबी हाही असाच गृहीत धरला जाणारा निर्णय. 32 बिटांच्या पूर्णांकाची कमाल 2,147,483,647. नोव्हेंबर 2018 मध्ये बेसकॅम्प या प्रसिद्ध सेवेच्या एका टेबलातला क्रमांक या मर्यादेला टेकला आणि सेवा जवळपास पाच तास फक्त वाचण्यापुरती उरली. दुसऱ्याच्या प्रणालीतून येणारे क्रमांक किती मोठे होतील यावर आपलं नियंत्रण नसतं. तिथे पहिल्या दिवसापासून बिगइंट किंवा टेक्स्टच हवा. हो, टेक्स्टच. माझा टेक्स्टवर राग नाही, विचार न करता लावलेल्या टेक्स्टवर आहे. खाते क्रमांक, पिन कोड, मोबाइल नंबर यांची बेरीज कुणी करत नाही. ते टेक्स्टच असले पाहिजेत.

आणि परवानगी? टूलने टेबल बनवायचं तर त्याला स्कीमात टेबल घडवायचा हक्क द्यावा लागतो, आणि जो टेबल घडवतो तो त्याचा मालक होतो. मालक ते पाडूही शकतो. पूर्ण ताजं करण्याच्या पद्धतीत काही टूल टेबल पाडून पुन्हा बनवतात. तसं झालं, की त्यावर आपण लावलेले इंडेक्स जातात, इतरांना दिलेले वाचनाचे हक्क जातात, आणि टूलने ‘कॅस्केड’ लावलं असेल तर त्यावर उभे केलेले व्ह्यूही जातात. सकाळी हिशेब विभागाचा रिपोर्ट ‘असा व्ह्यूच नाही’ म्हणतो आणि दोष डेटाबेसवर येतो. त्याऐवजी टेबल आपण बनवावं, मालकी आपल्याकडे ठेवावी, आणि टूलच्या खात्याला त्या स्कीमाचा वापर आणि त्या टेबलावर वाचणं, घालणं, बदलणं एवढेच हक्क द्यावेत. नोंद असल्यास बदलायच्या आदेशाला याहून जास्त लागत नाही. ज्याला कामापुरता हक्क आहे, त्याच्याकडून होणारं नुकसानही कामापुरतंच राहतं.

चौथा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार आहे: बंधनं लावली की सिंक तुटतो.

वेगाचा भाग आधी निकालात काढू. प्रत्येक इंडेक्सची लिहिताना किंमत पडते हे खरं, आणि सिंकच्या टेबलावर दहा इंडेक्स लावू नयेत हेही खरं. पण नोंद आधीपासून आहे का, हे शोधायला ओळखीचा इंडेक्स नसेल तर डेटाबेसला बदलाच्या प्रत्येक गठ्ठ्यासाठी आख्खं टेबल चाळावं लागतं. टेबल वाढेल तसं ते काम वाढतं. एक इंडेक्स वाचवून रोजची चाळणी विकत घेणं ही काटकसर नाही.

तुटण्याची तक्रार मात्र खरी आहे. दुकानाच्या सॉफ्टवेअरने न सांगता नवा स्थितीप्रकार सुरू केला, आपल्या चेक बंधनाला तो माहीत नव्हता, एका ओळीपायी पन्नास हजार ओळी अडल्या आणि सकाळी टेबल कालचंच राहिलं. यातून विरोधक निष्कर्ष काढतात की बंधनं काढा. मी म्हणतो, बंधनांच्या आधी एक पायरी घाला. महाराष्ट्रात खरेदीखत झालं म्हणून नाव त्याच दिवशी सातबाऱ्यावर चढत नाही. तलाठी आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकती घेतल्या जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. हरकत आलेली एक नोंद अडली म्हणून गावातले बाकीचे फेरफार थांबत नाहीत, आणि ते थांबू नयेत म्हणून कुणी हरकत न तपासता नावही चढवत नाही.

टेबलांचंही तसंच करता येतं. कच्चं टेबल सैल ठेवा. त्यात सगळं टेक्स्ट असलं तरी चालेल, फक्त कधी आलं आणि कोणत्या गठ्ठ्यातून आलं हे सोबत असू द्या. तिथून पक्क्या टेबलात नोंद जाताना प्रकार, ओळख आणि बंधनं तपासा. जी बसत नाही ती कारणासकट नाकारलेल्या नोंदींच्या टेबलात टाका, बाकीच्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे न्या. एका वाईट ओळीपायी आख्खा गठ्ठा फेकावा लागू नये, ही गरज डेटाबेस बनवणाऱ्यांनाही पटलेली आहे. पोस्टग्रेस 17 मध्ये, 2024 साली, ‘कॉपी’ आदेशाला रूपांतर न होणाऱ्या ओळी वगळून पुढे जाण्याची सोय मिळाली. पण वगळलेल्या ओळींचा हिशेब ठेवणं हे आपलं काम आहे, नाहीतर आपण इंग्लंडच्या त्या फाइलीच्याच रांगेत बसतो.

एका बाबतीत विरोधकांचं मान्यच केलं पाहिजे. फॉरिन की सिंकच्या टेबलांवर सहसा लावू नये. पैसे गेटवेतून आधी येतात, ऑर्डर दुकानातून नंतर येते. मुलाची नोंद आईच्या आधी पोचणं इथे नेहमीचं. तिथे प्रत्येक नोंदीला अडवण्यापेक्षा रोज एकदा पोरकी देयकं शोधणारी क्वेरी चालवावी. हा काही पळवाटेचा उपाय नाही. एडगर कॉड यांनी जून 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल ज्या निबंधात मांडलं, त्याच्या उत्तरार्धाचा विषयच पुनरुक्ती आणि सुसंगती हा आहे. सुसंगती प्रत्येक बदलाच्या वेळी तपासावी किंवा दिवसातून एकदा गठ्ठ्याने तपासावी, असे दोन्ही मार्ग त्यांनी तिथे सांगितले आहेत. कधीच तपासू नये, हा तिसरा मार्ग त्यांनी सांगितलेला नाही.

याच ठिकाणी एक उसना दाखला दिला जातो: मोठमोठी वेअरहाऊस तरी कुठे प्रायमरी की पाळतात? रेडशिफ्टमध्ये आणि स्नोफ्लेकच्या नेहमीच्या टेबलांत प्रायमरी की लिहिता येते, पण तिची सक्ती होत नाही, हे बरोबर आहे. यावरून तिची गरज नाही असं ठरत नाही. तिची जबाबदारी आपल्यावर आली, एवढंच ठरतं. रेडशिफ्टचा क्वेरी नियोजक तर लिहिलेली की खरी मानूनच मार्ग आखतो. प्रत्यक्षात दुहेरी ओळी असतील तर ‘डिस्टिंक्ट’ मागूनही त्या दुहेरी येऊ शकतात. जिथे डेटाबेस पहारा देत नाही तिथे लोडच्या प्रत्येक फेरीनंतर दुहेरी ओळी मोजणं हा सिंकचाच भाग असला पाहिजे. आणि पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा पहारा देणारा डेटाबेस हाताशी असताना तो झोपवून ठेवायचा, कारण शेजारच्या घरी पहारेकरी नाही, याला काय म्हणावं?

एका गोष्टीवर टेबल सैल ठेवण्याचा हा सल्ला अवाक्षरही काढत नाही, ती म्हणजे खोडलेल्या नोंदी. बहुतेक सिंक ‘गेल्या वेळेनंतर काय बदललं’ एवढंच विचारतात आणि त्यासाठी बदलाच्या वेळेचा कॉलम बघतात. मूळ टेबलातून जी ओळ गेली, ती या प्रश्नाच्या उत्तरात येतच नाही. रद्द होऊन पुसलेली ऑर्डर आपल्याकडे जिवंत राहते आणि विक्रीत मोजली जाते. उशिरा पक्क्या झालेल्या ट्रान्झॅक्शनचंही तेच: तिच्यावर दहा वाजताचा शिक्का असतो, ती पक्की होते दहा वाजून पाच मिनिटांनी, आणि मधल्या काळात सिंकची खूण पुढे सरकलेली असते. ती नोंद मग कधीच येत नाही. उपाय म्हणजे दर खेपेला थोडं मागे जाऊन पुन्हा वाचणं. पण पुन्हा वाचलं की त्याच नोंदी पुन्हा येणार, आणि त्या निरुपद्रवी करायला लागते ती प्रायमरी कीच.

डेबेझियमसारखी टूल डेटाबेसचा लॉगच वाचतात, त्यामुळे खोडणंही दिसतं. तरी तयारी टेबलाचीच लागते. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये न बदललेला मोठा मजकूर नेहमी येत नाही. डेबेझियम त्या जागी एक ठरावीक खूण ठेवतं. उतरणारं टेबल आणि त्यामागचा मर्ज यांना ती खूण ओळखता आली नाही, तर ग्राहकाची खरी तक्रार पुसून तिथे ती खूणच लिहिली जाते. खोडण्याला आता कायद्याचीही बाजू आहे. भारताच्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपला डेटा पुसून मागण्याचा हक्क दिलेला आहे. मूळ प्रणालीत पुसलं आणि सिंकच्या टेबलात राहिलं, तर तो पुसला असं म्हणता येत नाही. म्हणून ‘कधी खोडलं’ हा कॉलम आणि खोडलेलं प्रत्यक्ष कधी पुसायचं याचा नियम टेबलाच्या पहिल्या आराखड्यातच हवा. अशी सोय मागाहून जोडली, तर तोवर खोडलेल्या नोंदी कोणत्या हे सांगायला काहीच उरत नाही.

तर सिंकचं बटण दाबण्याआधी काय लिहून ठेवायचं? एका नोंदीची ओळख कोणती. प्रत्येक कॉलमचा प्रकार कोणता आणि तो रिकामा राहू शकतो का. वेळ कोणत्या कालक्षेत्राची. तीच नोंद दोनदा आली तर काय, आणि मूळची गेली तर काय. न बसणारी नोंद कुठे जाते आणि ती कोण बघतं. टूलला हक्क किती. आणि रोज दोन्हीकडच्या ओळींची संख्या व रकमांची बेरीज ताडून कोण बघणार. उत्तरांना एक पान पुरतं, आणि टेबलाच्या व्याख्येत त्यातली निम्मी उत्तरं डेटाबेस स्वतः पाळतो.

एवढं करूनही चुका येतीलच. वाद चुका टाळता येतात की नाही हा नाहीच. त्या कुणाच्या पदरात पडाव्यात, हा आहे. लोडच्या वेळी अडलेली नोंद अशा माणसापुढे येते, ज्याला ती कुठून आली हे माहीत असतं आणि ती दुरुस्त करता येते. न अडता आत गेलेली नोंद अशा माणसापुढे जाते, जो तिच्यावरून कर भरतो, माल मागवतो, कमिशन ठरवतो, आणि ती चुकीची आहे हे कळायचा ज्याच्यापाशी काहीच मार्ग नसतो. टेबल सैल ठेवण्याचा सल्ला देणारे आपला रात्रीचा त्रास या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर टाकतात. तो माणूस त्या बैठकीत नसतो, म्हणून सल्ला स्वस्त वाटतो.